काळ्या भिंतीमागचा डोह

आधी माफी मागतो. ओढ्याबद्दल लिहायचं तर भूगोलाच्या जाणकारानं लिहावं, माशांबद्दल लिहायचं तर ज्यानं जन्मभर मासेच पाहिले त्यानं. मी दोन्ही नाही. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेही सेकंड क्लासमध्ये. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे विचारायला घरात कुणी नव्हतं. पण तो एक ओढा मी उगमापासून बंधाऱ्यापर्यंत सगळ्या ऋतूंत पायी चाललो आहे. तेवढ्या एका वाटेवर मला कुणाची भीती वाटत नाही. म्हणून लिहितो. चुकलं तर सांगावं.

आमचं गाव साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्याही पुढे. तिथे सह्याद्रीची शेवटची टोकं खानदेशात उतरतात. डोंगराच्या माथ्यावर पाऊस पडला की अर्धं पाणी गुजरातेकडे जातं आणि अर्धं आमच्याकडे. आमच्या वाट्याचं पाणी ज्या घळीतून खाली येतं तो आमचा ओढा. त्याला नाव नाही. गावात त्याला नुसतं 'नाला' म्हणतात. पुढे तो पांझरेला मिळतो, पांझरा धुळ्यातून तापीकडे जाते. कॉलेजसाठी मी धुळ्याच्या देवपूर भागात राहायला गेलो तेव्हा पुलावरून पांझरा पहिल्यांदा पाहिली. तिच्यात आमच्या नाल्याचंही पाणी आहे, हे मी बरोबरच्या मुलांना सांगितलं. ते म्हणाले, "मग ते जरा जास्त पाठवायला सांग."

दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात डोंगरी ओढ्याचं एक प्रकरण होतं. त्यात बर्फाचं पाणी, ट्राऊट नावाचा ठिपक्याठिपक्यांचा मासा आणि पाण्यावर झुकलेली कुठली तरी परदेशी झाडं होती. सरांनी ते प्रकरण वाचून दाखवलं आणि पुढचं घेतलं. मला मात्र त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटलं. बर्फ नाही, ट्राऊट नाही, पण वेगाच्या पाण्यात प्राणी कसे राहतात, हे पुस्तकात लिहिलं होतं तसंच आमच्याकडेही चाललेलं होतं.

ट्राऊटच्या जागी आमच्याकडे मळ्या. बोटभर लांबीचा, दगडाच्याच रंगाचा मासा. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा एक भाग असतो. त्यानं तो दगडाला चिकटून बसतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. पावसाळ्यात पाणी माणसाला पाडेल एवढ्या जोरानं येतं तेव्हाही मळ्या जागचा हलत नाही. पाणी थोडं ओसरलं की तो प्रवाहाविरुद्ध वर निघतो. ओल्या खडकावरून, जिथे पाणी नुसतं झिरपत असतं तिथूनही, चिकटत चिकटत चढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दगड उलटला की खालच्या बाजूला वाळूचे कण जोडून अंगाभोवती नळी बांधून घेतलेल्या अळ्या दिसतात. मुरी नावाचा बारीक मासा वाळूत शिरून नुसतं तोंड बाहेर ठेवतो. खेकडे, झिंगे तर असतातच. काठाला उंबर, करंज, जांभूळ. उंबराची फळं पाण्यात पडली की झिंगे त्यांच्यावर जमतात, झिंग्यांसाठी खंड्या येतो. सावली असेल तिथलं पाणी दुपारीही पायाला गार लागतं. सावली तुटली की शेवाळ वाढतं, आणि शेवाळ वाढलं की मळ्याही वाढतो. म्हणजे ओढ्याला सावली हवी आणि ऊनही हवं, दोन्ही थोडं थोडं. एवढं समजायला मला दोन वर्षं लागली.

आता त्या भिंतीबद्दल. धुळे जिल्ह्यात फिरलेल्या माणसानं पाहिलंच असेल, माळावरून मैल मैल काळ्या खडकाच्या भिंती गेलेल्या असतात, जणू कुणी रचल्या आहेत. त्या कुणी रचलेल्या नाहीत. जमीन फाटली, खालून तापलेला रस वर आला आणि त्या फटीतच थिजला. आजूबाजूची जमीन झिजत गेली, भिंत राहिली. अशी एक भिंत आमचा ओढा आडवा कापते. तिच्यामागे पाणी अडून डोह झाला आहे. भिंतीला मधोमध एक खांड आहे, बैलगाडी जाईल एवढी, पण ती मोठमोठे धोंडे आणि चिकणमाती बसून कायमची बुजलेली. पावसाळ्यात पाणी तिच्यावरून उडी घेतं. दिवाळीनंतर उडी थांबते. पण डोह आटत नाही. उन्हाळ्यात वरचा ओढा कोरडा पडला की सगळे मळ्ये, मुऱ्या, झिंगे या डोहात येऊन राहतात. पुढच्या पावसाळ्यात इथूनच ते पुन्हा वर जातात. डोह गेला तर वरच्या तीन कोसांच्या ओढ्यात एकही मासा उरणार नाही.

भिंतीच्या खाली मात्र चित्र वेगळं आहे. तिथे उतार एकदम कमी होतो आणि ओढ्यानं वरून आणलेले गोटे पसरलेले आहेत. वासराच्या डोक्याएवढे, मुठीएवढे, अंड्याएवढे. हा गोट्यांचा पट्टा ओलांडला की पुन्हा पक्का खडक लागतो आणि त्या खडकावर आमच्या गावाचा जुना दगडी बंधारा आहे.

बंधाऱ्याखाली फड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंधाऱ्यातून एक पाट निघतो. पाटाखालच्या जमिनीचे चार भाग, ते चार फड. एका फडात पंधरा-वीस जणांचे वाटे, पण पीक सगळ्यांचं एकच. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, असं पंच ठरवतात. पाणी कुणी आपल्या हातानं घ्यायचं नाही. ते देणारा एकच माणूस, पाटकरी. बारं, म्हणजे फडात पाणी जायचं तोंड, तोच फोडतो, तोच बुजतो. आमचा पाटकरी म्हणजे माझे वडील. आमच्या बौद्ध वस्तीत हे काम आमच्याच घराकडे होतं, आजोबांकडेही होतं. फडात आमची स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. प्रत्येक वाट्यामागे सुगीला धान्य मिळे, त्यावर घर चाले.

पण काम पिढीजात असलं तरी दर आखाजीला ते नव्यानं मिळवावं लागे. अक्षय्य तृतीयेला सालदार बदलतात तसा पाटकरीही बदलू शकतो. त्या दिवशी बंधाऱ्यावर सगळे जमत. वडील आपलं खोरं खडकावर आडवं ठेवत आणि बाजूला उभे राहत. चारी फडांचा एकेक म्होरक्या पुढे येऊन खोऱ्याला हात लावी. चार हात लागले की वर्ष आपलं. एक जरी हात आला नाही तरी खोरं तिथेच राही आणि दुसरा माणूस ते उचली.

मी शेवटच्या वर्षाला होतो त्या साली पावसानं लवकर पाठ फिरवली. महाशिवरात्रीची सुट्टी आणि रविवार जोडून मी घरी आलो, तेव्हा पाटात पाण्याची नुसती वळवळ होती. शेवटच्या फडात गहू पोटरीला आलेला आणि त्याला एक पाणी हवं होतं. पंचांचे म्होरके आबा, म्हणजे गावातले सगळ्यात जुने वाटेकरी. शेवटच्या फडाचे म्होरके नाना. दोघं आणि आणखी काही जण बंधाऱ्यावर बसलेले. वडील खाली पाटाच्या कडेला उभे. मी त्यांच्या मागे.

आबा म्हणाले, "पाटकरी, उद्या डोहनी खांड फोडानी. शेपटाना फडले एक पानी लागस. बस, एक."

वडिलांनी खांद्यावरचं खोरं खाली टेकवलं. मग म्हणाले, "आबा, डोहनं पानी बंधारापावत येवाव नही."

"कसं येवाव नही?" नाना उसळले. "पानी उतारले जास का चढले?"

"उतारलेच जास, नाना. पन मझार गोटास्ना पट्टा शे. तो पी लेस."

"तुले कोनी सांगं?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "मना पोऱ्यानी."

सगळे हसले. कुणी तरी म्हणालं, "आते कॉलेजवाला आमले पानी शिकाडतीन!" दुसरा म्हणाला, "इचार त्याले, गहू कोनता झाडले लागस!"

मला बोलायला हवं होतं. डोह फोडायचं बोलणं गावात चाललंच होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी वडिलांना हे मीच सांगितलं होतं. डोह फोडला तर मासे जातील, आणि पाणी गोट्यांत जिरून वाया जाईल, गव्हालाही मिळणार नाही. घरात हे मी छातीठोक सांगितलं. इथे चारचौघांत तेवढं धैर्य झालं नाही. शेवटी एवढंच म्हणालो, "आबा, गोट्यांत पाणी थांबत नाही. मी पावसाळ्यात बघितलंय." ते मी कॉलेजच्या मराठीत बोललो, त्यामुळे पुन्हा हसले.

त्यांची चूक मला कळत होती. ही माणसं जन्मभर पाटाच्या पाण्याबरोबर जगलेली. पाटात तोंडाशी पाणी सोडलं की शेपटाला पोहोचतंच, कारण पिढ्यान्पिढ्या गाळ बसून पाट लिंपल्यासारखा झालेला. ओढाही त्यांना पाटच वाटत होता. फडाबाहेरच्या पाण्याचा विचार करायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

आबांनी हात वर केला. "असं करूत. बठ्ठी खांड नको. एक हातभर फोडूत. पानीनासंगे आपन बठ्ठा चालूत. बंधाराले पोचनं तं पुरी फोडूत."

"आनि नही पोचनं तं?" नानांनी विचारलं.

"तं बुजी टाकूत. मंग डोहनं नाव कोनी लेवानं नही."

"आनि पोचनं तं मी आखाजीले खोरं खाली ठेवावच नही," वडील म्हणाले. "दुसरा पाटकरी दखी ल्या."

हे त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. घरी परतताना वाटेत त्यांनी मला एकच विचारलं, "तुले खातरी शे ना?"

"शे," मी म्हणालो. माझी खात्री पावसाळ्यातल्या दोन फेऱ्यांवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी पहार घालून खांडीतले वरचे धोंडे सरकवले. डोहाचं पाणी आधी बारीक आलं, मग माती धुऊन मोकळं झालं. पाण्याचं तोंड काटक्या, वाळकी पानं, मुंग्या, फेस असं सगळं पुढे ढकलत निघालं आणि आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंनी निघालो. मिरवणुकीबरोबर चालावं तशी वीस-पंचवीस माणसं. नाना सगळ्यांत पुढे, पाण्याशी बोलत होते.

"चाल वं माय, चाल! हाई दखा, कशी धावस! कोठे गया तो कॉलेजवाला?"

भिंतीखालच्या खडकावर पाणी खरंच धावलं. मला चालण्याचा वेग वाढवावा लागला. वडील खोरं खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या मागे येत होते. मी वळून बघितलं. ते पाण्याकडे बघत नव्हते, पायाखाली बघत होते.

मग गोट्यांचा पट्टा लागला. पाणी मोठ्या गोट्यांमधून शिरलं, खळखळलं, थोडं पसरलं. त्याचा वेग बैलाच्या चालीवर आला. मग म्हशीच्या. तोंडावरचा फेस विरला. आता आम्हालाच थांबून थांबून त्याच्याबरोबर राहावं लागत होतं.

"थांबनं का काय?" एकानं विचारलं.

"दम लेस ते," नाना म्हणाले.

"मंग आपन बी लेऊत," म्हणून त्यानं तंबाखूची डबी काढली.

पाणी मुठीएवढ्या गोट्यांपर्यंत आलं आणि तिथे उभं राहिलं. मागून पाणी येतच होतं, तरी पुढे सरकेना. नानांनी वाळलेली काडी घेऊन पाण्याच्या टोकाला रोवली. सगळे काडीभोवती बसले. भाकरी सुटल्या, कांदे फुटले. जेवण होईपर्यंत पाणी काडीपासून हातभर मागे गेलं होतं. तिथून बंधारा दिसत होता. हाक मारली तर ऐकू जाईल एवढाच दूर.

कुणी हसलं नाही. आबा उठले, धोतर झटकलं. "बुजा खांड."

नाना मात्र बसूनच राहिले. "पाटकरी जितना," ते म्हणाले, "मना गहू हारना. आखाजीले दखसू."

म्हणजे पाणी पोहोचलं नाही म्हणून प्रश्न मिटला नव्हता. शेवटच्या फडाचा हात नानांचा होता. डोह वाचला, पण तो वाचवणाऱ्याचं खोरं आता त्या एका हातावर अडलं होतं. वडिलांना हे माझ्याआधी कळलं असावं. त्यांनी खांड बुजली, माती चोपून चोपून बसवली. मी डोहात बघितलं. पाणी हातभर उतरलं होतं आणि काठाच्या उघड्या पडलेल्या दगडांवरून मळ्ये एकेक करून खाली घसरत होते. त्यांना पाणी पुरेसं होतं. तेवढं तरी मी खात्रीनं सांगू शकत होतो.

संध्याकाळच्या एसटीत बसवताना वडील म्हणाले, "पेपर व्हवाबिगर येवानं नही." एवढंच.

देवपूरला परतलो आणि प्रॅक्टिकल, जर्नल, मग लेखी असं एकामागून एक लागलं. घरी फोन नव्हता, वडिलांना लिहिता येत नव्हतं. पिंपळनेरची एसटी यायच्या वेळेला मी स्टँडवर जाऊन ओळखीचं तोंड शोधायचो. कुणी सांगितलं, शेपटाचा गहू बारीक राहिला. कुणी सांगितलं, नाना पाटकऱ्याशी बोलत नाहीत. कुणाला काहीच माहीत नसायचं. पांझरेत तेव्हा पाणी नव्हतं, पुलाखालच्या वाळूत मुलं क्रिकेट खेळायची. मी पुलावर उभा राहून गोट्यांत जिरलेल्या त्या पाण्याचा विचार करायचो. नानांचं एक पाणी मी वाया घालवलं, असं मला वाटू लागलं होतं. आबांनी आधी सांगितलं होतं तशी पुरी खांड फोडली असती तर कदाचित गोटे भरून पाणी पुढे गेलंही असतं. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

आखाजीच्या दिवशी माझा पेपर होता. तो कसा लिहिला आठवत नाही. त्यानंतर चार-पाच दिवसांनी मामा होस्टेलच्या दारात उभा. आईचा भाऊ, आमच्याच गावात राहणारा. हातात फडक्यात बांधलेले मांडे.

"खोऱ्याचं काय झालं?" मी दारातच विचारलं.

"पहिले पानी तं दे."

पाणी दिलं. तो प्यायला, खाटेवर बसला, खोली बघितली. "एवढी खोलीमा चार जन ऱ्हातस? मंग अभ्यास कव्हळ करतस, पाळीपाळीनी?"

"मामा!"

"सांगस रे. मांडा खाय पहिले, तुनी मायनी धाडेल शेतस."

मी एक तुकडा तोंडात घातला. मग तो सांगू लागला.

खांड बुजल्यावर दोन दिवसांनी बंधाऱ्यातलं झिरपणं वाढलं. पाटात पाणी वाढलेलं बघून नानाच धावत आले. गोटे प्यायलेलं पाणी खालून, खडकाला अडून, बंधाऱ्यात निघालं होतं. नानांनी गावभर सांगितलं, बघा, पोहोचलं, पाटकरी खोटा. दोन दिवस गव्हाला थोडंथोडं पाणी मिळालं. मग झिरपणं कमी झालं. आधी होतं त्याच्याही खाली गेलं, आणि खालीच राहिलं. एवढं कमी, की होळीनंतर गुरांना पाजायलाही रांग लागू लागली.

"मंग आबानी इचार कया," मामा म्हणाला. "बठ्ठासले डोहवर लई गया. डोह हातभर उतरेल, आनि बंधारानं झिरपनं बी उतरेल. आबा म्हने, अरे, आपन जे बारा महिना पेतस ते याच डोहनं पानी शे. खालतून येस. डोह भरेल ऱ्हायना तं येस, फोडा तं एक घोट भेटस आनि मंग बठ्ठं उपाशी."

मी खात होतो तो तुकडा तसाच तोंडात राहिला. पाणी वाया जातं असं मी म्हणालो होतो. ते वाया जात नव्हतं. गोट्यांच्या पट्ट्याखालून ते रोज, वर्षानुवर्षं, हळूहळू बंधाऱ्याकडे येत होतं. डोहात मासे राहत होते आणि त्याच डोहावर आमची गुरं जगत होती. मी प्रत्येक ऋतूत त्याच्यावरून चाललो होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

"आणि आखाजीला?"

"आखाजीले तुना बापनी खोरं ठेवं. तीन हात लागनात. नाना उभाच. मंग नाना बोलना, 'हात लावस, पन एक अट शे.'"

"कसली अट?"

"म्हने, पाटकरीनं काम आजपावत बंधारापाईन शेपटालोंग व्हतं. आते डोहपाईन. खांडले कोनी हात लावा, कोनी डोहमा इख टाकं मासासाठे, तं जाब पाटकरीनी देवाना. आनि त्याना वाटाना दाना चारी फडस्नी वाढाई देवाना." मामानं फडकं झटकून घडी घातली. "नानानी हात लावा. तुना बाप आते डोहना बी पाटकरी शे."